मासळीआधी वनस्पती: ढीवर आणि मामा तलाव

भंडारा जिल्ह्याला ‘तलावांचा जिल्हा’ म्हणण्याची प्रथा जुनी आहे. परंतु हे बिरुद मिरवणाऱ्यांपैकी बहुतेकांना तलाव म्हणजे निव्वळ पाण्याचा साठा वाटतो, आणि गैरसमजाला तेथूनच सुरुवात होते. गोंड राजवटीच्या आश्रयाने कोहळी समाजाने बांधलेले तलाव मालगुजारी संपुष्टात आणणाऱ्या 1950 च्या कायद्यानंतर शासनाकडे गेले, म्हणून त्यांना माजी मालगुजारी, अर्थात मामा तलाव म्हणतात. सिंचनाचा हिशेब सरकारदरबारी राहिला; मात्र भटक्या जमातींच्या यादीत गणल्या जाणाऱ्या ढीवर समाजाचे त्याच पाण्याशी असलेले पिढीजात नाते मासेमारीच्या ठेक्यापुरते उरले.

या नात्याची शास्त्रीय बाजू समजून घ्यायची, तर मत्स्यबीजाचा वाद टाळता येत नाही. रोहू, कटला व मृगळ हे नदीच्या पुरात अंडी घालणारे मासे असून साठलेल्या पाण्यात त्यांचे प्रजनन सहसा होत नाही. हिरालाल चौधुरी यांनी 1957 साली पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन त्यांचे प्रजनन घडवले, ही भारतीय मत्स्यशास्त्राची अभिमानास्पद कामगिरी खरी. पण हे मासे तलावात प्रजनन करत नसल्याने मच्छीमार सोसायट्यांना दरवर्षी बीज विकत घ्यावे लागते. मरळ मात्र तलावातील दाट वनस्पतींत घरटे करून पिल्ले राखते. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या बुडीत वनस्पती पाण्याला प्राणवायू आणि माशांना आसरा देतात. मात्र तलावात सोडलेला गवत्या मासा त्या खातो, सायप्रिनस मासा गाळ उकरून पाणी गढूळ करतो, तळाशी ऊन पोहोचत नाही, आणि तरीही उत्पादन का घटले, असा प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो.

पूर्वी भंडाऱ्यात आणि 1999 पासून गोंदिया जिल्ह्यात असलेल्या अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने कोणत्या माशाला कोणती वनस्पती हवी, या ढीवरांच्या जाणतेपणालाच कामाचा आधार मानले. स्त्री-पुरुषांनी बेशरम ही उपद्रवी वनस्पती उपटली, उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या तळाची नांगरट केली आणि पावसाळ्यात स्थानिक पाणवनस्पती लावल्या. उत्तर अमेरिकेत ब्लॅकफीटसह अनेक आदिवासी राष्ट्रांनी 2014 साली बायसनच्या पुनरागमनासाठी केलेल्या करारातही प्राणी, भूमी आणि संस्कृती हा एकच प्रश्न मानला आहे. फरक इतकाच की तेथे जनावर परतल्याने कुरण सावरेल अशी अपेक्षा आहे, तर येथे वनस्पती परतल्याशिवाय मासा टिकत नाही.

असे प्रयत्न सर्व तलावांना पुरतील का, याविषयी शंका घेण्यास जागा आहे, कारण ठेक्याची मुदत संपताच तलाव दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो आणि लावलेल्या वनस्पतीचे भवितव्य अधांतरी राहते. तलाव ‘स्वच्छ’ दिसावा म्हणून त्यातील हिरवळ सरसकट काढणाऱ्या ग्रामपंचायतींनी आणि हौशी स्वयंसेवकांनी, कोणती वनस्पती ठेवायची व कोणती उपटायची हे आधी गावातील ढीवरांना विचारावे.