जाळे की जागरूकता?

भय आणि सावधानता या दोहोंचा उगम एकाच ठिकाणी असतो, पण त्यांच्या वाटा निराळ्या असतात. भय समोरच्याला नाहीसे करू पाहते, तर सावधानता आधी स्वतःच्या वागण्यात बदल करते. बँकेच्या नोकरीत कर्जाचे प्रस्ताव तपासताना हा भेद रोज उपयोगी पडत असे. निवृत्तीनंतर मात्र तो एका अगदी अनपेक्षित विषयात पारखून पाहण्याची वेळ आली. तो विषय म्हणजे समुद्रातील शार्क मासा.

आमचे अनसिंग वाशीम जिल्ह्यातले, सोयाबीन आणि तुरीच्या शेतांनी वेढलेले. येथून समुद्र गाठायचा तर रात्रभराचा प्रवास. परंतु कन्या व जावई नोकरीनिमित्त सिडनीला स्थायिक झाले आणि त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा तेथील सवंगड्यांबरोबर सर्फिंग शिकला. लांब फळीवर उभे राहून लाटेसोबत किनाऱ्याकडे घसरत येण्याचा हा खेळ टोकियोपासून ऑलिंपिकमध्येही समाविष्ट झाला आहे. नातवाची छायाचित्रे पाहून कौतुक वाटायचे. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये सिडनीच्या लिटल बे येथे पोहणाऱ्या एका व्यक्तीचा शार्कच्या हल्ल्यात मृत्यू झाला. १९६३ नंतर त्या शहरातील ही पहिलीच अशी घटना होती. ती बातमी आली आणि आमच्या घरातली झोप उडाली.

माझे मेहुणे वाशीमला अडत दुकान चालवतात. ते म्हणाले, “भाऊजी, अहिंसा आपल्या जागी आहे, पण नातू आपला आहे. तिथले सरकार हे मासे मारून का टाकत नाही?” प्रश्न रोखठोक होता आणि टाळण्यासारखाही नव्हता. दुसऱ्याच्या मुलावर संकट असताना अहिंसेची महती सांगणे सोपे असते. म्हणून, एखाद्या कर्जप्रकरणाची कागदपत्रे वाचावीत तसा मी हा विषय वाचून काढला.

हे संकट केवळ परदेशातले आहे असेही नाही. कोकणातील मच्छीमार शार्कला मुशी म्हणतात आणि ती त्यांच्या नित्य परिचयाची असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातील मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत एका तरुणाच्या पायाला शार्कने चावा घेऊन गंभीर इजा केली. बुल शार्क ही जात खाऱ्या पाण्यातून नदीच्या गोड्या पाण्यातही शिरते आणि तिला गढूळ पाणी मानवते, हे पुष्कळांना त्या निमित्ताने कळले.

आता जोखमीचे मोजमाप पाहू. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात जगभरातील अशा घटनांची नोंद ठेवली जाते. त्यानुसार माणसाने डिवचले नसताना शार्कने चावा घेतल्याच्या घटना वर्षाला साधारणपणे साठ-सत्तर घडतात आणि त्यांत सरासरी पाच-सहा जण दगावतात. उलट आपल्या एका देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. तरीही आकड्यांनी आजीचे समाधान होत नाही, हे मी घरीच अनुभवले. जोखीम लहान असली, तरी ज्याच्या वाट्याला ती येते त्याच्यासाठी ती पूर्णच असते.

मग मारण्याने ही जोखीम घटते काय? हवाई बेटांवर १९५९ ते १९७६ या काळात ४,६६८ शार्क मारण्यात आले. पुढे अभ्यासकांनी हिशेब मांडला, तेव्हा हल्ल्यांच्या प्रमाणात म्हणण्यासारखी घट आढळली नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात २०१४ साली आमिष लावलेले गळ टाकून १७२ शार्क पकडले गेले आणि त्यांपैकी ६८ प्राणास मुकले. ज्या ‘ग्रेट व्हाइट’ जातीच्या भीतीने ही मोहीम काढली होती, त्या जातीचा एकही मासा त्यांत नव्हता. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर रक्कम भरली, पण माल मिळालाच नाही.

सिडनीच्या परिसरात १९३७ पासून जाळी लावली जातात. जाळे म्हटले की किनाऱ्याला घातलेले कुंपण आपल्या डोळ्यांसमोर येते. वस्तुतः ते जाळे सुमारे १५० मीटर लांब आणि ६ मीटर उंच असते. त्याच्या वरून, खालून व दोन्ही बाजूंनी मासा सहज जाऊ शकतो. त्यात कासवे, डॉल्फिन आणि निरुपद्रवी मासे अडकतात आणि श्वास कोंडून मरतात. काही वेळा शार्क सापडतात तेही जाळ्याच्या किनाऱ्याकडील बाजूस, म्हणजे परतीच्या वाटेवर. कागदोपत्री भक्कम दिसणारे आणि वसुलीच्या वेळी रिकामे निघणारे तारण आम्ही बँकवाल्यांनी पुष्कळ पाहिले आहे. हे जाळे मला त्याच प्रकारातले वाटले.

दुसरा मार्ग पाहून मात्र मन प्रसन्न झाले. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळ म्युझनबर्ग नावाचा किनारा आहे. तेथे २००४ पासून डोंगरावर पहारेकरी बसतात. त्यांच्याजवळ दुर्बीण असते, शस्त्र नसते. समुद्र स्वच्छ दिसत असेल तर हिरवे निशाण, दिसत नसेल तर काळे, धोका वाढला असेल तर लाल. प्रत्यक्ष शार्क जवळ आला की भोंगा वाजतो आणि शार्कचे चित्र असलेले पांढरे निशाण चढते. माणसे पाण्याबाहेर येतात, मासा आपल्या वाटेने निघून जातो. कोणाचाही जीव जात नाही.

ऑस्ट्रेलियातही आता ड्रोन आकाशातून किनाऱ्यावर लक्ष ठेवतात. गळाचा एक नवा प्रकारही आला आहे. मासा लागताच पथकाला संदेश जातो. पथक तेथे पोहोचून माशाला खूणयंत्र लावते आणि दूर समुद्रात सोडून देते. पुढे तो मासा किनाऱ्याजवळ आला की सूचना मिळते. गळाची इजा यातही आहेच, त्यामुळे याला निर्दोष म्हणता येणार नाही. परंतु मारण्याहून जाणण्याकडे टाकलेले हे पाऊल आहे. जानेवारी २०१८ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या लेनॉक्स हेड येथे अशाच एका ड्रोनने बुडणाऱ्या दोन मुलांपर्यंत तरंगणारे साधन टाकले आणि ती मुले वाचली. शार्कसाठी ठेवलेली नजर माणसांच्याच कामी आली. जाळ्याकडून असे कधी होणार नाही.

आपल्याकडे ईर्यासमिती सांगितली आहे: चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकावे. त्यात जीवाची रक्षा आहे तशी आपलीही आहे, हे मला या अभ्यासात नव्याने उमगले.

मेहुण्यांना मी हे सारे सविस्तर सांगितले. त्यांनी शेवटी विचारले, “म्हणजे धोका उरणार नाही ना?” मी म्हणालो, “उरेल. पण तो मारूनही उरतोच.” नातवाला मात्र मी काही नियम लिहून पाठवले. पहाटे आणि तिन्हीसांजेला पाण्यात उतरू नये. पावसानंतर नदीच्या मुखाशी आणि गढूळ पाण्यात जाऊ नये. माशांच्या झुंडीवर पक्षी तुटून पडत असतील तेथून दूर राहावे. एकट्याने कधीही जाऊ नये. सोबत्यांपैकी एकाला तरी जखम घट्ट बांधून रक्तस्राव थांबवता यावा, कारण अशा प्रसंगी जीव जातो तो मुख्यतः रक्त गेल्याने. त्याने उत्तर पाठवले, “आजोबा, यातले बरेचसे आम्हाला शिकवले आहे. रक्त थांबवण्याचे मात्र मी शिकून घेतो.”

आपल्या भागातही हाच प्रश्न निराळ्या रूपात उभा आहे. रोही आणि रानडुकरे पीक फस्त करतात, शेतकऱ्याचे नुकसान खरे असते. म्हणून कोणी कुंपणात विजेचा प्रवाह सोडतो आणि जनावराबरोबर कधी शेजारचा माणूसही प्राणास मुकतो. सौम्य झटका देणारे सौर कुंपण आणि राखण यांना खर्च व कष्ट पडतात, हे मान्य आहे. त्या खर्चात समाजातील सधन व्यापाऱ्यांनी हातभार लावला, तर ते जीवदयेचेच कार्य ठरेल. तसेच सुटीत मुलांना कोकणात नेताना जीवरक्षकाचे ऐकण्याची सवय लावावी. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. तेथे शार्क नव्हता, भरतीच्या वेळी पाण्यावर नजर ठेवणे तेवढे आवश्यक होते.

रक्षण म्हणजे संहार नव्हे. डोळे उघडे ठेवण्याचे कष्ट ज्याला नको असतात, त्यालाच बहुधा शस्त्र जवळचे वाटते. आपल्या मुलांना आपण भय द्यायचे की जागरूकता, हे प्रत्येक घराने ठरवावे.