चकती थांबल्याशिवाय निघायचं नाही

मे महिन्यात आजोळी निघताना रिक्षा दारात उभी असायची, आई कुलूप हातात घेऊन खोळंबलेली असायची आणि अण्णा मात्र वाड्याच्या जिन्याखाली मीटरपुढे वाकलेले. त्या मीटरच्या काचेमागे अ‍ॅल्युमिनियमची चकती आडवी फिरायची, कडेवर एक काळी खूण. ती खूण सरकताना दिसली की अण्णा मागे न बघता म्हणायचे, "काहीतरी चालू आहे, बघून ये." मी धावत वर. बहुतेक वेळा न्हाणीघरातला दिवा राहिलेला असायचा. चकती थांबली की अण्णा मेनचा दांडा खाली ओढायचे, तेव्हा कुठे रिक्षा हलायची.

घरात विजेवर चालणारं असं होतं तरी काय! चार दिवे, दोन पंखे, इस्त्री, रेडिओ आणि १९८४ पासून लाकडी शटरचा कृष्णधवल टीव्ही. सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून येणारं मुंबई दूरदर्शन आम्ही बघायचो. टीव्ही लावला की चित्र उमटायला वेळ लागे, तेवढ्यात आई गॅस बारीक करून यायची. बंद करताना खट्ट आवाज व्हायचा, चित्र आक्रसून मधोमध पांढरा ठिपका उरायचा आणि तोही विझायचा. मग स्टॅबिलायझरचं बटण, मग भिंतीवरचं, आणि वर आईने विणलेलं झाकण. बंद म्हणजे बंद.

आता रात्री पाणी प्यायला उठलो तर दिवा लावावा लागत नाही. टीव्हीचा लाल ठिपका, सेट-टॉप बॉक्सचे निळे आकडे, मायक्रोवेव्हचं घड्याळ, राउटरची हिरवी लुकलुक. सगळं 'बंद' आहे आणि कुणीच झोपलेलं नाही. रिमोटची हाक ऐकायची तर कुणीतरी जागं राहायलाच हवं, हे मला पटतं. पण सेट-टॉप बॉक्सचं जागणं वेगळं. रिमोटने तो बंद केला तरी जुन्या बॉक्सचं आतलं काम जवळजवळ तसंच चालू राहतं. हात लावून बघा, पहाटेही कोमट लागेल.

अण्णांची आठवण येऊन एका रात्री मीही मीटरपुढे उभा राहिलो. चकती गेली, तिच्या जागी लाल दिवा मिचकावतो. आमच्या मीटरवर छापलंय, ३२०० मिचकावण्यांना एक युनिट. फ्रिज, दिवे, पंखे बंद करून घड्याळ लावलं. २८ सेकंदांनी एक मिचकावणी, म्हणजे ४० वॅट. घरात काहीही चालू नसताना! सेट-टॉप बॉक्सची वीज तोडली तर तीच मिचकावणी ४० सेकंदांवर गेली. एकटा तो १२ वॅट खात होता. सतत चालणारा एक वॅट वर्षाला पावणेनऊ युनिटं घेतो, तेव्हा १२ वॅटची झाली १०५.

(मोबाइलच्या रिकाम्या चार्जरवरून घरोघर जी बोलणी बसतात, त्यांत फारसा दम नाही. जुने जड, गरम होणारे अ‍ॅडॉप्टर वीज खायचे. आताचा चांगला चार्जर नुसता लटकलेला असताना नगण्य घेतो. सूनबाईंची मी तशी माफीही मागितली आहे.)

गंमत म्हणजे आपल्याकडे प्लगशेजारी बटण असतं. युरोपात बहुतेक घरांत ते नसतं, प्लगच उपसावा लागतो. तिथे मग बंधन यंत्रांवर घातलं: २०११ पासून युरोपीय संघात विकायच्या साध्या टीव्हीने झोपेत अर्ध्या वॅटहून जास्त खायचं नाही. आपल्या हाताशी बटण होतं, तर आपण त्यापुढे छताला भिडणारं टीव्ही युनिट ठोकून घेतलं. आमचं बटण दहा वर्षं सनमायकाच्या मागे होतं. सुताराने विचारलंही नाही, आणि मलाही सुचलं नाही.

गेल्या महिन्यात वायरमनला बोलावून ते युनिटच्या बाहेर, हात पोहोचेल अशा जागी काढून घेतलं. रात्री अकराला मी ते बंद करतो. राउटर चालू ठेवला आहे, त्यावर घरात एकमत झालं नाही. सकाळी बॉक्स सुरू होऊन चित्र यायला दीड मिनिट लागतं आणि त्या दीड मिनिटाबद्दल नातवाची रोज तक्रार असते. ती तूर्त नामंजूर आहे.