भाड्याच्या घराचं अंगण

सुरतेतल्या आपल्यापैकी बऱ्याच घरांची गोष्ट आता सारखीच झाली आहे. वडील खान्देशातून लूमच्या नाहीतर मिलच्या कामाला आले, उधना, लिंबायत, डिंडोली भागात रो-हाऊस घेतलं. मुलं शिकली आणि अडाजण-पालच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. जुनं घर विकवत नाही, म्हणून ते भाड्याने. आमचंही असंच आहे. त्या भाड्यातून आई-पप्पांची औषधं आणि मेडिक्लेमचा हप्ता निघतो. घर एक महिना जरी रिकामं राहिलं तरी हिशेब बिघडतो.

अशा घरात सगळ्यात बेवारस जागा म्हणजे पुढचं अंगण आणि मागचा वाडा. मालक तिथे राहत नाही आणि भाडेकरूचा करार अकरा महिन्यांचा. झाडांना पाणी घालायचं कोणी? दोन पावसाळ्यांत कमरेएवढं गाजरगवत वाढतं आणि घर बघायला आलेली माणसं फाटकातूनच परत जातात. गेल्या वर्षी घर रिकामं झालं तेव्हा आमचंही तेच होत होतं.

पप्पांचा उपाय सरळ होता: सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवून टाकायचे. पुढचं-मागचं मिळून साधारण २४० चौरस फूट, मिस्त्रीने १९ हजार सांगितले. मला हे पटेना. आपल्याकडची माती काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खालचा पाया नीट केला नाही तर दोन-तीन वर्षांत ब्लॉक वर-खाली होतात. शिवाय आपला भाग खाडीच्या पुराचा. काळी माती पाणी सावकाश पिते हे खरं, पण फरशी तर अजिबातच पीत नाही. शेवटी गाडी लावायच्या जागेपुरते आणि चालायच्या वाटेपुरते ब्लॉक टाकायचे ठरले. उरलेल्या मातीचं काय, हा खरा प्रश्न होता.

‘काहीही न करता वाढणारं झाड लावा’ असा सल्ला सगळेच देतात. असं एक झाड गुजरातने लावून पाहिलं आहे, कोनोकार्पस. स्वस्त, भराभर वाढणारं, बाराही महिने हिरवं, गुरं तोंड लावत नाहीत. भिंतीलगत ओळीने लावलं की पडदाच तयार. पण त्याची मुळं गटाराच्या पाइपांत आणि जमिनीखालच्या केबलींपर्यंत जातात, परागकणांचा दम्याच्या रुग्णांना त्रास होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने त्याच्या लागवडीवर बंदीच घातली. पहिली काही वर्षं फुकट वाटणारं झाड पुढे प्लंबरच्या बिलातून वसूल करतं. रो-हाऊसमध्ये तर ड्रेनेजची लाइन अंगणाखालूनच जाते.

लॉनचा विचार मी पहिल्या दिवशीच सोडला. सुरतेत पाऊस हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. उरलेले आठ महिने लॉनला पाणी भाडेकरूने का घालावं? कुंड्याही नकोत. खालच्या ताटल्यांत पाणी साचतं, डास होतात, आणि पावसाळ्यात महापालिकेची माणसं घरोघर तेच तपासत फिरतात.

मी एकच कसोटी लावली. पाणी घालणाऱ्याला त्या झाडातून काही मिळतं का? पुढे तगर, जास्वंद आणि सदाफुली लावली, पूजेला फुलं होतात. कोपऱ्यात कढीपत्ता, मागे शेवग्याची फांदी. चोकडीचं पाणी जिथून वाहतं तिथे अळू. गावाकडे मोरीच्या पाण्यावर अळू-केळ वाढायची, तीच युक्ती. लावणी जूनच्या अखेरीला केली, म्हणजे पहिले तीन महिने पावसानेच मुळं धरवली. दिवाळीनंतर मातीवर उसाच्या चिपाडांचं जाड आच्छादन घातलं. रसवंतीवाला ती फुकट देतो. फक्त चार दिवस कडक उन्हात वाळवून घ्यावी लागतात, नाहीतर मुंग्यांची जत्रा भरते. रोपं, शेणखत आणि मजुरी धरून खर्च तीन हजारांच्या आत आला.

जुलैमध्ये ओडिशातल्या गंजामचं एक कुटुंब राहायला आलं. लूमच्या कारखान्यात सुपरवायझर, बायको आणि दोन मुली. पप्पा भाडं घ्यायला गेले तेव्हा वहिनींनी विचारलं, “अंकल, सहजन का पत्ता तोड़ें तो चलेगा?” आपण शेंगांची वाट बघतो, त्यांच्याकडे कोवळ्या पाल्याची भाजी करतात. पप्पा एकदम खूश. शेवगा दरवर्षी छाटला नाही तर उंच जातो आणि वाऱ्यात त्याच्या ठिसूळ फांद्या मोडतात. आता ती छाटणी दर आठवड्याला स्वयंपाकघरातच होते. अळूची पानं मात्र अर्धी आईकडे येतात, वड्यांसाठी.

यंदा करार नवा करताना मी झाडांसाठी दोन ओळी घातल्या. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याच्या कलम १०८ प्रमाणे भाडेकरूने स्वतः जमिनीत जे लावलं-बसवलं ते त्याला नेता येतं, जागा होती तशी करून द्यायची एवढंच. पण आपले अकरा महिन्यांचे कागद बहुतेक ‘लीव्ह अँड लायसन्स’चे असतात, तिथे हा नियम आपोआप लागेल असं धरू नये. म्हणून सरळ लिहिलं: फुलं, पाला, शेंगा भाडेकरूच्या, मोठ्या फांद्यांची तोड आणि ड्रेनेजची सफाई मालकाकडे. आणि त्यांनी स्वतः लावलेलं रोप जाताना त्यांचं.

सही करायच्या आधी वहिनींनी दुसरी ओळ दोनदा वाचून घेतली. मग म्हणाल्या, चोकडीजवळ केळीचं एक रोप लावायचंय. पप्पांनी भिंतीपासून तीन फूट सोडायला सांगितलं आणि जागा दाखवायला स्वतःच मागच्या वाड्यात गेले.