निवडुंग रात्री जागतो

आमच्या अंगणात आईने लावलेले ब्रह्मकमळ आहे. नाव कमळाचे, जात निवडुंगाची. पानासारख्या चपट्या फांदीला कळी येते, रात्री उमलते आणि पहाटे मान टाकते.

गेल्या पावसाळ्यात एका शेतकऱ्याच्या ड्रॅगन फ्रूटची फुले गळू लागली. मी भर दुपारी गेलो, मिटलेली फुले पाहिली आणि खताचा डोस बदलायला सांगून आलो. घरी विषय निघाला तेव्हा आई म्हणाली, "अरे, तोही निवडुंगच ना? मग रात्री जाऊन बघ की!"

रात्री दहाला बॅटरी घेऊन गेलो. वीतभर पांढरीशुभ्र फुले मळाभर उमलली होती. पण सगळा मळा लाल गराच्या एकाच वाणाचा! अशा काही वाणांना स्वतःचे पराग चालत नाहीत. शेजारच्या मळ्यातून पांढऱ्या गराच्या वाणाचे पराग आणले आणि मऊ कुंचल्याने फुलाफुलाला लावले. त्या फुलांना फळे धरली.

शेतकरी बंधूंनो, बी.एस्सी. होऊन मला तीस वर्षे झाली. पण पीक जागे असते तेव्हा बांधावर जावे, हे मला आईने शिकवले.