अंबाडी: पानं ताटात, साल कंदिलात

अंबाडीच्या भाजीवर आमच्या घरात सगळ्यांचाच जीव आहे, पण मी गच्चीवर अंबाडी लावते ती मुख्यतः कागदासाठी. अंबाडी, भेंडी, जास्वंद, कापूस ही सगळी एकाच कुळातली. त्यातल्या अंबाडीच्या सालीत लांब, चिवट धागा असतो. माझ्या सासूबाई लातूरकडच्या. त्यांच्या लहानपणी शेताच्या कडेने अंबाडी पेरायचे. पाला भाजीला, आणि सालीच्या वाखाचे कासरे, दावी घरीच वळायची. मी पहिल्यांदा खोडं भिजत घातली तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, दोर वळायचाय का कागद करायचाय, साल तर तशीच सोलायची. आण इकडे." तेव्हापासून सोलण्याचं काम त्यांच्याकडे.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला की क्रेटमध्ये बी दाट पेरते. दाट पेरलं की रोपं उजेडासाठी सरळ उंच जातात. पुढच्या रांगेचे शेंडे आम्ही खुडत राहतो. खुडलं की फांद्या फुटतात, भाजी भरपूर मिळते. पाला उकडून आंबट पाणी काढायचं, तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या, गूळ घालून घोटायचा आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी. मागच्या रांगेला मात्र कुणी हात लावायचा नाही. जिथे फांदी फुटते तिथे सालीत गाठ येते आणि सलग धागा मिळत नाही.

दिवस लहान होऊ लागले की अंबाडीला फुलं येतात, मध्यभागी गर्द डाग असलेली. फुलं दिसली की खोडं कापायची. आणखी थांबलं तर ती लाकडासारखी होतात. मग पिंपात भिजत घालायची. दोनेक आठवडे वास येतो, म्हणून शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेवते. साल निघाल्यावर उरलेल्या पांढऱ्या काड्या मोडून कुंड्यांच्या तळाशी जातात. साल बोटभर कापून धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात मऊ होईपर्यंत उकळते. ते पाणी झाडांना घालत नाही, सोड्याने माती घट्ट होते. मग भरपूर धुवायचं आणि लाकडी धोपाटण्याने कुटायचं. मिक्सरमध्ये लगदा लवकर होतो, पण पात्याने धागा तुटतो. कुटल्याने तो तुटत नाही, फुलतो, आणि कागदाचा सगळा दम त्यातच आहे.

यापुढचा भाग मला सगळ्यांत प्रिय. टबातल्या पाण्यात लगदा सोडला की लांब धागे गुंतून तळाशी बसू पाहतात. इथे भेंडी मदतीला येते. जून, निबर झालेल्या भेंड्या ठेचून रात्रभर पाण्यात ठेवायच्या आणि तो बुळबुळीत रस गाळून टबात घालायचा. पाणी किंचित दाट होतं, धागे सुटे तरंगत राहतात. गुऱ्हाळात उसाच्या रसाची मळी काढायला भेंडीचा हाच चिकटपणा वापरतात, आणि जपानी कागद कारागीर भेंडीच्याच जातकुळीतल्या एका झाडाच्या मुळांचा रस टबात घालतात. जाळी ताणलेली चौकट तिरकी बुडवायची, पाण्याखाली आडवी करायची आणि सरळ वर उचलायची. पाणी निथळत असतानाच हलका हेलकावा द्यायचा, म्हणजे धागे एकमेकांत बसतात. पाणी गळायचं थांबलं की हात स्थिर.

ओला ताव जुन्या सुती साडीवर उपडा करायचा, पाटाखाली दाबायचा, मग खिडकीच्या काचेला चिकटवायचा. वाळला की आपोआप सुटतो. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात पिढ्यानपिढ्या असाच हाताने कागद होत आला, आणि आमच्या पुण्यात कसबा पेठेत कागदीपुरा आहे. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासूनची. तिथे सुती चिंध्यांपासून होणारा कागद पांढरा आणि मऊ असतो. अंबाडीचा तसा होत नाही; तो मधाळ रंगाचा, बोटाला खरबरीत आणि वाजणारा. मला तोच आवडतो.

माझे बहुतेक ताव आकाशकंदिलात जातात. बांबूच्या कामट्या, सुती दोरा आणि कणकेची खळ. कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद. ती मुलांच्या हाती देत नाही. आत दिवा लागला की एकेक धागा वेगळा दिसतो, कुठे दाट, कुठे विरळ. दुकानातल्या चकचकीत कागदाला ही गंमत नाही, असं माझं ठाम मत आहे.

कातरणं साठवते. ती पुन्हा भिजवून साच्यात दाबली की रोपांच्या वाट्या होतात. दुधी आणि काकडीची मुळं दुखावलेली त्यांना चालत नाहीत, म्हणून रोप वाटीसकट मातीत लावायचं; वाटी विरघळते, मुळं बाहेर पडतात. खळ लागलेले तुकडे मात्र बाजूला, मोरचूद मातीत नको.

गेल्या दिवाळीत इमारतीतल्या मुलांनी कंदिलासाठी ताव मागितले. सगळ्यांना पुरले नाहीत. यंदा बोंडांतलं घरचं बी जास्त धरून ठेवलंय, आणि मागच्या रांगा दोन होणार आहेत.