मोती जवळून पाहताना

कर्जतच्या भिसेगावातल्या जुन्या घरांत देव्हाऱ्यावर अजून एखादी लक्ष्मी भेटते. कमळात उभी, शेजारी सोंडेत माळ घेतलेला हत्ती. काचेवर हळदीकुंकवाची बोटं आणि कोपऱ्यात पावसाळ्यातल्या ओलीचा तपकिरी डाग. एखाद्या तसबिरीत देवीच्या साडीवर जर आणि टिकल्या डकवलेल्या असतात. घरातल्या बायकांनी हौसेनं नेसवलेलं ते वस्त्र. ही लक्ष्मी राजा रविवर्म्याची.

त्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो आपल्या घाटावरच, मळवलीला नेला. रंगागणिक वेगळा दगड लागे. मूळ चित्र समोर ठेवून कारागीर त्या त्या रंगाचा भाग दगडावर ठिपक्याठिपक्यांनी उतरवत आणि एकच कागद एकामागून एक सगळ्या दगडांवर दाबला जाई. तो जरा जरी सरकला तरी ओठांचा रंग ओठांबाहेर. या कारागिरांची नावं आज कुणाला माहीत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. ज्या माणसांना राजवाड्याचं दारही दिसलं नसतं, त्यांच्या घरी चित्र पोचलं ते यांच्या हातांमुळे. १९७२ मध्ये हा छापखाना आगीत गेला.

तरीही मूळ चित्र पाहायलाच हवं, असं मी म्हणते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८८८ मध्ये रविवर्म्याला पुराणकथांवरची चौदा चित्रं सांगितली होती. बडोद्याला त्याच्या तैलचित्रांसमोर उभी राहिले, तेव्हा नजर एका गळ्यातल्या मोत्यावर अडकली. जवळून पाहिलं तर तिथे मोती नव्हताच. करड्या रंगावर पांढऱ्याचा एक जाडसर ठिपका, ब्रश टेकवून लगेच उचललेला. दोन पावलं मागे सरले आणि मोती झाला! पुन्हा पुढे, पुन्हा मागे. कुठे थांबायचं हे त्या माणसाला नेमकं कळलं होतं. छापील चित्रात मोती जवळूनही मोतीच असतो, नाहीतर नुसते ठिपके, आणि त्या ठिपक्यांत रविवर्म्याचा हात नसतो. फोनवर बोटांनी चित्र हवं तेवढं मोठं होतं. पण बाजूला सरकून तिरक्या उजेडात रंगाची जाडी पाहायची सोय त्यात नाही. शिवाय भिंतभर चित्र आणि वीतभर चित्र फोनवर एकाच मापाची होतात.

बडोदं सगळ्यांना जमणार नाही. पण सातारा जिल्ह्यातलं औंध आहे. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८ मध्ये तिथे संग्रहालय उभं केलं. रविवर्म्याची मूळ चित्रं तिथे आहेत, हेन्री मूरचं दगडी शिल्पसुद्धा. आमच्या कर्जतच्या शाळांच्या सहली वॉटर पार्कला जातात. एखाद्या वर्षी औंधला न्या मुलांना. आदल्या दिवशी घरच्या तसबिरीतली लक्ष्मी नीट पाहून या, एवढंच त्यांना सांगा, आणि तिथे गेल्यावर रांग लावून घाई करू नका.