नदी उजव्या हाताला

प्रदक्षिणा आपल्याला नवी नाही. देवळात गेलो की आपण ती घालतोच. पण ती पाच मिनिटांत आटोपते आणि बाहेर काढून ठेवलेल्या चपलांवर एक डोळा ठेवूनही ती पुरी होते. नर्मदेची प्रदक्षिणा मात्र देवळाला नव्हे, साऱ्या नदीला घालायची असते. अमरकंटकापासून भडोचच्या पलीकडे समुद्राला मिळेपर्यंत ही नदी १,३१२ किलोमीटर वाहते. दोन्ही काठ धरले म्हणजे पायाखालची वाट सव्वीसशे किलोमीटरांच्या वर जाते. जुना दंडक तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांचा. हल्लीचे बहुतेक यात्रेकरू चारपाच महिन्यांत घरी परततात.

नियम मोजकेच आहेत. नदी सदैव उजव्या हाताला ठेवायची. तिचे पात्र कोठेही ओलांडायचे नाही. समुद्राशी पोचल्यावर तेवढे नावेने पलीकडच्या काठावर जायचे. गरजेपेक्षा अधिक जवळ बाळगायचे नाही, आणि वाटेत कोणी जे देईल ते आनंदाने घ्यायचे. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि आमची सौ. बँकेत आहे. पहिले दोन नियम अवघड जातील अशी आमची दोघांची समजूत होती. शेवटच्याकडे आम्ही फारसे लक्षच दिले नव्हते.

गेल्या वर्षी कार्तिकी एकादशी उलटली आणि आम्ही ओंकारेश्वरी पोचलो. मुलगी शिक्षणासाठी वसतिगृहात, आई धाकट्या भावाकडे, आणि आम्हा दोघांच्या रजा मंजूर: असा योग संसारात फिरून येत नाही. ओंकारेश्वराचे देऊळ मांधाता बेटावर आहे आणि त्याच्या समोर, दक्षिण काठावर, ममलेश्वर. संकल्प सोडण्याआधी आम्ही पूल ओलांडून बेटावरचे दर्शन घेतले. दुसऱ्या दिवशी पहाटे गोमुख घाटावर स्नान केले, लहानशा बाटलीत नर्मदेचे पाणी भरून घेतले, चार मुलींना कुंकू लावून शिरा खाऊ घातला आणि निघालो. त्या क्षणापासून समोरचे देऊळ आम्हांला बंद झाले. घंटा ऐकू येत होती, कळस दिसत होता. पण तेथे जायचे म्हणजे मधले पात्र ओलांडणे आले. आता सारी नदी फिरून आल्यावरच ते दर्शन!

पहिल्या दिवशी मी पुढे आणि सौ. मागे असे चाललो होतो. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "अहो, तास संपल्याची घंटा झाली नाही अजून. जरा हळू चला." त्यानंतर तिने पुढे चालावे आणि मी मागे, असे ठरले. तिची चाल सावकाश, पण एकसारखी. उन्हे चढण्यापूर्वी आठ किलोमीटर आणि उतरल्यावर पाचसहा, एवढाच आमचा पल्ला असे.

मोरटक्क्याला इंदूर-खंडवा रस्त्याचा पूल लागतो. एस.टी.च्या गाड्या भरभर पलीकडे जात होत्या. या पुलावरून इंदूर दोन तासांवर आणि तेथे सौ.चा भाऊ राहतो. तिने पुलाकडे एकदा पाहिले, पिशवीचा पट्टा सारखा केला आणि पुलाखालची पायवाट धरली.

त्या रात्री एका आश्रमात मुक्काम पडला. तेथल्या वृद्ध बाबांनी माझी पाठपिशवी एका हाताने उचलून पाहिली आणि हसून म्हणाले, "बाबाजी, घर पीठ पर लेके निकले हो क्या?" आश्रमाच्या पडवीत एक कोपराच अशा सामानासाठी राखलेला होता. आधीच्या यात्रेकरूंनी ठेवलेल्या चादरी, डबे, जोडे, बॅटऱ्या. ज्याला लागेल त्याने न्यावे. आमच्याकडचे दोन ग्रंथ, जाड रग आणि चिवड्यालाडवांचे डबे तेथे विसावले. सकाळी निघताना सौ. म्हणाली, "पाठीला आज पहिल्यांदा वारा लागला."

सामान टाकणे सोपे होते. घेणे तितके सोपे नव्हते.

निमाडात तेव्हा कापसाची वेचणी चालू होती आणि अंगणाअंगणांतून लाल मिरच्या वाळत होत्या. वाटेने जो भेटेल तो "नर्मदे हर!" म्हणे. पुरुषाला बाबाजी आणि स्त्रीला माताराम, हीच तेथली हाक. नाव, गाव, हुद्दा कोणी विचारत नाही. कोठे चहा, कोठे टिक्कड आणि डाळ, तर कोठे सदाव्रत, म्हणजे कोरडा शिधा, मिळे. आपण शहरातली मध्यमवर्गीय माणसे. शेजाऱ्यांकडून वाटीभर साखर आणली तरी ती परत करताना चमचाभर जास्त घालून देतो. येथे परतफेडीला जागाच नव्हती.

तिसऱ्या दिवशी एका झोपडीपाशी एका म्हातारीने आम्हांला हाक मारून बसवले. घरात दूध नव्हते. नातवाला शेजारी पिटाळून तिने ते आणवले आणि चहा केला. भांडी दोनच असल्यामुळे ती स्वतः नुसतीच बसून राहिली. निघताना सौ.ने मुलाच्या हातावर शंभराची नोट ठेवली. म्हातारीने ती शांतपणे घेऊन सौ.च्या ओंजळीत परत ठेवली. "परकम्मावासी से पैसे लूँ, माताराम, तो मैया को क्या मुँह दिखाऊँ? तुम चलो. तुम्हारे चलने में हम भी चलते हैं."

पुढचा तासभर आम्ही दोघेही काही बोललो नाही.

चौथ्या दिवशी रावेरखेडीला बाजीरावाच्या समाधीपाशी बसलो. २८ एप्रिल १७४० रोजी, वयाची चाळिशीही पुरी न होता, थोरला बाजीराव या काठावर वारला. ज्याने नर्मदा ओलांडून मराठ्यांची घोडी उत्तरेत नेली, त्याच्या समाधीशी आम्ही नर्मदा न ओलांडण्याचा नेम घेऊन बसलो होतो! तेथेच सौ.ने गुडघ्याला पट्टी बांधली. गुडघा सुजला होता.

सहाव्या दिवशी, संध्याकाळी, लंगडत लंगडत नवडाटोलीला पोचलो. याच टेकाडांवर १९५२-५३ साली आणि पुन्हा १९५७ ते ५९ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलियांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. रंगीत खापरे निघाली, जळके धान्य निघाले. या काठावर माणसांच्या चुली इतक्या जुन्या आहेत.

आणि समोर, नदीपल्याड, महेश्वर! अहिल्याबाईंचा किल्ला, त्याखाली पाण्यात उतरत गेलेले घाट, दिवेलागणीची वेळ. चौंडीच्या माणकोजी शिंद्यांची ही लेक १७६७ पासून १७९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत येथून राज्य करीत होती. महेश्वर पाहायचे हे सौ.चे शाळेपासूनचे स्वप्न. लग्नात तिच्या आईने तिला दिलेली साडी महेश्वरीच होती.

नावाडी म्हणाला, "चलिए, अभी उस पार छोड़ देता हूँ." तेवढ्यात इंदूरहून मेव्हण्याचा फोन आला. "ताई, उद्या सकाळी गाडी घेऊन महेश्वरला येतो. गुडघा डॉक्टरांना दाखवू. फार झालं आता."

मी काही बोललो नाही. गुडघा तिचा होता. निर्णयही तिचाच असायला हवा होता. बराच वेळ ती पायरीवर बसून राहिली. मग म्हणाली, "अहो, सहा दिवस आपण कुणाकुणाच्या घरचं खाल्लं, त्याचा हिशेब मांडत होते. बँकेतली सवय! पैशात तो कुणी घेत नाही. त्या म्हातारीनं आपला चहा आपल्याला दिला, तो आपण चालतो म्हणून. आता नावेत बसले तर तो चहा माझ्या नावावर तसाच राहील."

"आणि गुडघा?"

"गुडघ्याला दोन दिवस सुट्टी. गावात कुणी डॉक्टर असतील, त्यांना दाखवू. ते नको म्हणाले तर मुकाट्यानं परत जाऊ, पण याच काठानं." तिने भावाला तसे कळवले. नावाडी मान डोलावून आपली नाव घेऊन गेला.

डॉक्टरांनी औषध दिले, रोज दहा किलोमीटरांहून जास्त चालायचे नाही असे बजावले आणि तपासणीचे पैसे घेतले नाहीत. सौ. मला हळूच म्हणाली, "घ्या, आणखी एक खातं उघडलं!"

नवव्या दिवशी पहाटे आम्ही पश्चिमेकडे वळलो. महेश्वरला आमची वाट आता समुद्राला वळसा घालून, उत्तर काठाने, दीडदोन महिन्यांनी पोचायची होती. पोचलो कसे आणि घाटाच्या पायऱ्या चढताना सौ.च्या अंगावर कोणती साडी होती, ती हकीकत पुन्हा केव्हा तरी. त्या पहाटे मात्र पलीकडचे घाट धुक्यातून एकेक करून उजळत होते. ती पुढे होती, मी मागे. आणि नदी उजव्या हाताला.